गोवंडी-मानखुर्दची मुलं आणि शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या एम पूर्व वॉर्डातल्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प, लल्लूभाई कंपाऊंड, मंडाला या पट्ट्यातले पालक आणि बाहेरून "काहीतरी करायचंय" म्हणून येणारे लोक, दोघांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. प्रत्येक वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतेय. आपल्याला लागेल तो प्रश्न वाचा, सगळं वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

इथली मुलं शाळेत जातच नाहीत, पालकांना पडलेलीच नसते, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. सकाळी साडेसहाला ९० फूट रोडला उभे राहा, दप्तरं आणि टमटम यांच्यामधून वाट काढता येणार नाही. पहिलीत जवळजवळ प्रत्येक घरातलं पोर कुठे ना कुठे पटावर असतं. आणि पालकांना पडलेली नसती तर दिवसाला चार-पाचशे कमावणारा माणूस गल्लीतल्या इंग्लिश मीडियमला महिन्याची फी, वर क्लासची फी, वर वह्यापुस्तकं असं कशाला भरत बसला असता? पडलेली असते, उलट जास्तच असते. गळती होते ती पुढे, सातवी-आठवीच्या आसपास, आणि ती एका दिवसात होत नाही. आधी आठवड्यातून एक दिवस दांडी, मग दोन, मग दिवाळीनंतर पोर गावाला जातं आणि परत येतं ते थेट कामाला लागायला. पटावर नाव मात्र तसंच असतं, त्यामुळे कागदावर सगळं छान दिसतं.

या वॉर्डाबद्दलच एवढं का बोललं जातं? गरिबी तर मुंबईत सगळीकडे आहे.

आहे ना, पण एम पूर्वची गोष्ट वेगळी आहे. शहराला जे जे नको होतं ते इथे आणून टाकलं गेलं. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं आहे. सत्तरच्या दशकात ठिकठिकाणच्या झोपड्या उठवून माणसं शिवाजीनगरला आणली, १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून चिता कॅम्प वसवला. नंतर रेल्वेचे आणि रस्त्यांचे प्रकल्प आले, त्यातल्या बाधितांना लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाऊंडच्या बिल्डिंगी मिळाल्या, त्या इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही आणि टीबी घराघरात. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाला हाच होता, निर्देशांक ०.०५. आणि हो, टाटा समाजविज्ञान संस्था, जिथे देशभरातून मुलं गरिबीचा अभ्यास करायला येतात, ती याच वॉर्डात आहे. आमच्याकडच्या पोरांना सर्व्हेचे फॉर्म आता तोंडपाठ आहेत.

माणसं आणली, घरं दिली, शाळा मात्र त्या हिशोबाने वाढल्या नाहीत. विशेष करून आठवीच्या पुढच्या.

जन्मदाखला नाही. शाळेत घेतील का?

घ्यायलाच पाहिजे. शिक्षण हक्क कायदा (म्हणजेच आरटीई, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून) सरळ सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद, हॉस्पिटलचा कागद, तेही नसेल तर पालकांचं लेखी निवेदन चालतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी तेच, तेवढ्यासाठी पोराला घरी बसवता येत नाही. आधार नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, हे आधार देणाऱ्या यूआयडीएआयनेच २०१८ मध्ये परिपत्रक काढून सांगितलंय.

हा झाला कायदा. आता काउंटरवर काय होतं ते सांगते. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत आधार लागतं, आपल्याकडे मुलांच्या आधारवरून शिक्षकांच्या पदांचा हिशोब होतो, म्हणजे आधार जुळलं नाही तर ते मूल मोजलंच जात नाही, त्यामुळे मुख्याध्यापक बिचारे मागे लागतात. आणि जुळत का नाही? कारण हॉस्पिटलात नाव लिहिलं "बेबी ऑफ अमुक", जन्मदाखल्यावर दुसरं, आधारवाल्याने मोहम्मदचं नुसतं "मो." केलं, शाळेत बाईंनी आडनाव आधी लिहिलं आणि वडिलांचं नाव मधे घातलं. एकाच पोराची चार नावं. त्यात उत्तर प्रदेशात जन्मलेलं असेल तर जन्मदाखल्याच्या दुरुस्तीला गावाला जायचं, म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी गेली. म्हणून पहिलीत घालतानाच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंगसकट नाव एक करून घ्या. दहावीच्या फॉर्मच्या वेळी हे सुधारायला गेलात तर फार पळापळ होते.

"ॲडमिशन फुल झाली" म्हणून परत पाठवलं. आता?

लेखी मागा. एक साधा अर्ज करा, पोराचं नाव, वय, इयत्ता, तारीख, आणि दुसऱ्या कॉपीवर शाळेचा शिक्का घ्या. शिक्का द्यायची वेळ आली की बऱ्याचदा जागा निघते. नाहीच निघाली तर ती पोच घेऊन वॉर्डाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे (शाळा) जायचं. पहिली ते पाचवी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी असा नियम आहे, जागा शोधून देणं ही त्यांची जबाबदारी, तुमची नाही. एकटं जाऊ नका, गल्लीतले दोन-तीन पालक मिळून जा.

मूल दहा वर्षांचं आहे आणि कधी शाळेतच गेलं नाही तरी त्याला पहिलीत बसवत नाहीत. वयाप्रमाणे इयत्ता मिळते आणि मागचं भरून काढायला वेगळं प्रशिक्षण द्यायचं असतं. ते प्रशिक्षण प्रत्यक्षात किती होतं हे त्या शाळेतल्या बाईंवर अवलंबून, पण हक्क आहे, मागायचा.

गल्लीत इंग्लिश मीडियम शाळा आहे, फी कमी आहे, टीचर पण चांगल्या आहेत. घालू का?

आधी युडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला नंबर, विचारा. अकरा आकडी असतो. सांगायला टाळाटाळ केली, "प्रोसेस चालू आहे" म्हणाले, तर समजून जा. महापालिका दरवर्षी मान्यता नसलेल्या शाळांची यादी काढते आणि त्यात गोवंडी-मानखुर्दची नावं भरपूर असतात. कायद्याने अशा शाळेला १ लाखापर्यंत दंड आहे, वर चालूच ठेवली तर दिवसाला १० हजार, तरी त्या चालतात, कारण मागणी आहे. जवळ आहेत, मुलींना हायवे ओलांडावा लागत नाही, बाई नावानिशी ओळखते, फी थकली तर महिनाभर थांबतात. या सगळ्या खऱ्या सोयी आहेत आणि त्यासाठी पालकांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही.

पण तिथला दाखला दुसरीकडे चालत नाही आणि पोराचं नाव सरकारी नोंदीत येत नाही, हे पाचवी-सहावीत शाळा बदलताना कळतं. तुमचं मूल आधीच तिथे असेल तर घाबरू नका, मान्यता असलेल्या शाळेत वयाप्रमाणे प्रवेश मिळतो. फक्त आठवीपर्यंत थांबू नका, लवकर बदला.

आरटीईच्या २५ टक्क्यांमध्ये नंबर लागेल का?

लागू शकतो, पण आशा बेताची ठेवा. खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात, अर्ज ऑनलाइन, मग सोडत. दहा शाळा निवडता येतात. फॉर्म भरताना नकाशावर घराचा फुगा (घर कुठे आहे त्याची खूण) टाकावा लागतो आणि तिथेच आमच्याकडची अर्धी लोकं अडकतात, कारण गल्लीला नाव नाही आणि सायबरवाला घाईघाईत फुगा कुठेही टाकतो. मग अंतर चुकतं आणि पडताळणीत अर्ज बाद. फुगा स्वतः बसून टाका.

आता अडचणी. एक तर उत्पन्नाची अट, दुर्बल घटकासाठी वर्षाला १ लाखाच्या आत, तहसीलदाराचा दाखला. जातीच्या दाखल्यावर अर्ज केला तर उत्पन्नाची अट नाही, पण तो दाखला काढायला ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो, एससी असाल तर १० ऑगस्ट १९५० चा. यूपी-बिहारमधून नव्वद साली आलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? म्हणजे जात आहे, गरिबी आहे, कागद नाही. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार हवा, आणि झोपडीचा मालक रजिस्टर करार करून देतो हे मी तरी अजून फार पाहिलं नाही.

दुसरं, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हा कायदा लागू नाही, आणि आपल्या पट्ट्यात अशा शाळा बऱ्याच, त्यामुळे जवळच्या जागा अजून कमी होतात.

मधे ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियमच बदलला होता की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबईसारख्या शहरात याचा अर्थ योजनाच बंद. हायकोर्टाने मे मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. तेव्हा आता जुनाच नियम आहे, कोणी "आरटीई बंद झालं" सांगितलं तर ऐकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे फॉर्म भरताना कोणीच सांगत नाही: हे फक्त आठवीपर्यंत आहे. नववीत त्याच शाळेत पूर्ण फी. आठ वर्षं त्या मुलांमध्ये वाढलेलं पोर नववीला बाहेर पडतं किंवा आईबाप कर्ज काढतात. अर्ज जरूर करा, पण नववीचा विचार पहिलीतच करून ठेवा.

महापालिकेची शाळा कशी आहे? खरं सांगा.

शाळेप्रमाणे, खरं तर बाईंप्रमाणे बदलते. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवणारी दुसरी महापालिका मला तरी माहीत नाही. फी नाही. गणवेश, बूट, दप्तर, छत्री-रेनकोट, वह्या धरून २७ वस्तू फुकट मिळतात, वाटपाला उशीर झाल्याच्या बातम्याही जवळपास दरवर्षी येतात ते सोडा. २०२० पासून मुंबई पब्लिक स्कूल नाव आलं, काही शाळांत सीबीएसई आलं, तिथे प्रवेशाला रांगा लागल्या. ज्यांनी महापालिकेच्या शाळा ओस पडल्या असं लिहून ठेवलंय त्यांनी शिवाजीनगरच्या उर्दू शाळेत दोन पाळ्यांत भरलेले वर्ग बघून जावेत.

दुपारी खिचडी मिळते. पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असं माप आहे. २०२३ च्या शेवटी आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले. आमच्याकडची काही पोरं सकाळी चहात टोस्ट बुडवून येतात आणि थेट खिचडीच खातात, त्यांना ते अंडं कळलं होतं.

त्रास कुठे आहे? पन्नास-साठ पोरं आणि एक बाई. कायदा म्हणतो पाचवीपर्यंत ३० ला एक शिक्षक. त्यात निवडणुकीचं काम, जनगणना, अमुक ॲप भरा तमुक फोटो टाका. चांगल्या बाई आहेत, बऱ्याच आहेत, शाळा सुटल्यावर घरी येऊन पोराला विचारणाऱ्याही आहेत, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायला त्यांना वेळ कुठून मिळणार.

कुठलं माध्यम घेऊ?

ज्या भाषेत घरी भांडता त्या भाषेत पाचवीपर्यंत तरी शिकवा, हे माझं मत. पालक ऐकत नाहीत आणि त्यांचीही चूक नाही, नोकरीला इंग्रजी लागते हे त्यांनी बघितलंय. फक्त एक करा, जे माध्यम घ्याल ते आठवीपर्यंत बदलू नका. उर्दूतून हिंदी, हिंदीतून इंग्लिश अशी तीन माध्यमं फिरलेली पोरं कुठल्याच भाषेत धड वाचत नाहीत.

मुलगा सहावीत आहे, वाचताच येत नाही. पास कसा होतो?

आधी आठवीपर्यंत नापास करायचंच नाही असा नियम होता. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर जादा शिकवणी, पुनर्परीक्षा, तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात. याने वाचता येईल का? मला वाटत नाही. ज्याला तिसरीत जोडाक्षर कळलं नाही त्याला पाचवीत परत बसवून ते आपोआप कळत नाही, फक्त लहान पोरांत बसायची लाज वाटते आणि तो येणं सोडतो. रोज वीस मिनिटं कोणीतरी समोर बसून वाचून घेतलं पाहिजे, मोठी बहीण असली तरी चालेल.

मुलं एवढी गैरहजर का असतात?

पाणी, आजारपण आणि घर. एवढीच कारणं आहेत, बाकी सगळी यांच्यातूनच येतात.

पाणी म्हणजे काय ते बघा. आमच्या ओळखीतली सहावीतली एक मुलगी. पाण्याचा टाइम पहाटे पाचचा, कधी तो साडेसहाला सरकतो. ती गणवेश घालूनच लाइनीत उभी राहते, वरून आईचा जुना गाऊन, म्हणजे भिजायला नको. निळे कॅन, वीस लिटरचे, तिला पूर्ण भरलेला उचलत नाही म्हणून पाऊण भरते आणि फेऱ्या जास्त मारते. पाणी सातला आलं तर शाळा गेली, कारण सव्वासातला गेट बंद होतं. हजेरीपटावर "गैरहजर" लिहिलं जातं. भाऊ तिच्याच शाळेत आहे, तो वेळेवर पोचतो.

आजारपण तर विचारूच नका. डंपिंगला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, मार्चमध्ये परत लागली. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवरची साथ सुरू झाली ती इथूनच, लहान पोरं गेली त्यात. खोकला बारा महिने. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, वर पोटमाळ्यावर शिलाई मशीन, अभ्यास कुठे करायचा? आणि झोपड्या तोडायला बुलडोझर आला की वह्यापुस्तकं पहिल्यांदा जातात, कारण आई आधी गॅस आणि भांडी काढते. तिने तेच काढायला पाहिजे.

मुलगा कामाला लागलाय. कायदा काय म्हणतो?

१४ च्या खाली कुठलंही काम बंद, १४ ते १८ धोक्याचं काम बंद, हे २०१६ च्या दुरुस्तीपासून. त्यात एक पळवाट ठेवलीय, घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत चालते. आता जरीचं काम, इमिटेशन दागिन्यांचं काम, भंगार वेगळं करणं हे सगळं इथे घरातच होतं, मग "घरचाच धंदा आहे" म्हणलं की संपलं. कारखान्यात कोंडलेली, गावाहून आणलेली पोरं दिसली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, नाव सांगायची गरज नाही.

कचरा वेचणाऱ्या आईबापांसाठी एक गोष्ट जी फार कमी जणांना माहीत आहे: अस्वच्छ आणि आरोग्याला धोका असलेल्या कामातल्या पालकांच्या मुलांना पहिली ते दहावी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, त्यात कचरा वेचकही येतात आणि जातीची अट नाही. शाळेत विचारा, क्लार्कला माहीत नसेल तर परत विचारा. अल्पसंख्याक मुलांना पहिलीपासून मिळायची ती मात्र २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद केली गेली.

आठवी झाली. मुलीला पुढे शिकवायचंय पण शाळा लांब आहे.

हा खरा प्रश्न आहे आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. महापालिकेच्या प्राथमिक शाळा भरपूर, माध्यमिक त्यामानाने थोड्या, आणि कायद्याचं मोफत शिक्षण चौदाव्या वर्षी संपतं. म्हणजे बसचं भाडं, अंधारातून परत येणं, वाटेतली टवाळ पोरं, शाळेतलं टॉयलेट, हे सगळं एकदम समोर येतं. अब्बा "नको" म्हणतात ते शिक्षणाला नाही, त्या रस्त्याला. आम्ही एवढंच करतो की एका गल्लीतल्या चार-पाच मुली एकाच शाळेत, एकाच पाळीत घालतो आणि त्यांना एकत्र पाठवतो. एकटीला घरी बसवतात, पाच जणींना सहसा बसवत नाहीत. सातवीत असतानाच त्या मुलींच्या आया एकमेकींना भेटल्या पाहिजेत, निकालानंतर पळापळ करून होत नाही.

शाळेत मारतात, घालूनपाडून बोलतात.

मारणं आणि मानसिक त्रास दोन्हीला कायद्याने बंदी आहे. आधी मुख्याध्यापक, मग प्रशासकीय अधिकारी, तरी नाही झालं तर राज्य बालहक्क आयोग. तारीख, वेळ लिहून ठेवा, जखम असेल तर फोटो आणि डॉक्टरचा कागद.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत जाऊन काय होतं?

नुसतं सही करायला गेलात तर काही नाही. पण समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असायलाच लागतात, म्हणजे मतं तुमची जास्त. एका शाळेत टॉयलेटला पाणी नाही हा विषय आयांनी तीन सभांत सलग इतिवृत्तात लिहायला लावला, "तोंडी सांगितलंय" यावर सही केली नाही, आणि टाकी बसली. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही नाही, एवढं जरी पाळलंत तरी पुष्कळ.

मला शनिवारी येऊन मुलांना शिकवायचंय. चालेल?

चालेल, पण वर्षभर येणार असाल तर. जून ते मार्च. दोन महिने येऊन गायब होणारे दादा-ताई पोरांनी खूप बघितलेत, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारतील "किती दिवस येणार?". मुलांचे फोटो टाकू नका, बिस्किटं वाटू नका, प्रेरणादायी भाषण देऊ नका. सहावीतल्या पोराला पहिलीचं पुस्तक द्यावं लागेल, ते इतरांसमोर देऊ नका. आणि स्टेशनवरून येताना नाकाला रुमाल लावू नका, पोरं बघत असतात.

शाळा सोडून दोन वर्षं झाली. परत जाता येईल?

येईल. चौदाच्या आत असाल तर थेट वयाप्रमाणे वर्गात. त्याच्यावर असाल तर रात्रशाळा आहेत, आठवी ते दहावी, संध्याकाळी साडेसहाच्या पुढे, दिवसा काम करणारी बरीच मुलं तिथूनच दहावी झालीत. तेही जमत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, किंवा मुक्त विद्यालय, तिथे विषय एकेक करून सोडवता येतात. १७ नंबरच्या तारखा बोर्ड जाहीर करतं, साधारण पावसाळ्यापासून लक्ष ठेवा, उशीर झाला तर विलंब शुल्क लागतं. शेवटच्या शाळेचा दाखला आणि आधार सोबत आणा. दाखला हरवला असेल तर त्याच शाळेत जाऊन दुय्यम प्रत मागा, रजिस्टर क्रमांक माहीत नसला तरी कोणत्या वर्षी कितवीत होतात एवढं सांगितलं की शोधून देतात, सकाळच्या गर्दीत न जाता दुपारी जा.